तक्ता भिंतीवर की मुलांच्या हातात? (शैक्षणिक साहित्य, वर्गाच्या भिंती आणि आपला अनुभव)

खडूवाली_मॅडम

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीचे काही दिवस वर्गसजावटीचे असतात. नागपूरच्या सीताबर्डी-इतवारीच्या बाजारातून तक्त्यांच्या गुंडाळ्या येतात: मुळाक्षरं, फळं, वाहनं, थोर नेते, शरीराचे अवयव. पहिल्या दिवशी मूल वर्गात येतं तेव्हा चारही भिंती छतापर्यंत भरलेल्या असतात आणि त्यातली एक ओळही त्या मुलासमोर शिकवलेली नसते.

मी नागपूर जिल्ह्यात पहिली-दुसरीला शिकवते. माझं म्हणणं असं की शाळा उघडताना भिंत जवळजवळ रिकामी असावी. तक्ता पाठाबरोबर वर्गात यावा, मुलांनी त्याच्याशी काम करावं आणि गरज संपली की तो उतरावा. तो भिंतीवर किती दिवस राहील हे मुलांच्या कामावर ठरावं, तपासणीच्या तारखेवर नाही.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले, काही भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर गेला, साध्या खोलीत २८.४ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांत साध्या खोलीतल्या पाठांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीतल्या पाठांची ४२ टक्के. मुलं मोजकी आणि प्रयोग थोड्या दिवसांचा, त्यामुळे त्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण लहान मुलाची नजर कुठे जाते हे आपण रोज बघतोच. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठानेही १५३ वर्गखोल्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये सांगितलं की भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवावा. म्हणजे ओसाड भिंतही नको.

विकतच्या तक्त्यांची आणखी एक अडचण. आपल्याकडे हिंदीचे तक्ते सर्रास मिळतात आणि मराठी वर्गातही लागतात. त्यांत 'ळ' नसतो. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. मूल पुस्तकात एक 'ल' बघतं, भिंतीवर दुसरा. पहिलीच्या मुलासाठी हा गोंधळ लहान नाही.

तुमच्या वर्गात कोणतं साहित्य खरंच वापरात राहतं? कोणतं उतरवलं तर मुलं विचारतात, "मॅडम, ते कुठे गेलं?"

निवृत्त_केंद्रप्रमुख

मॅडम, विषय चांगला काढला. पण रिकाम्या भिंतीचा आग्रह मला जड जातो.

मी अशा शाळा पाहिल्या आहेत जिथल्या मुलांच्या घरी छापील कागद येतो तो फक्त किराण्याच्या पुडीचा. वर्तमानपत्र नाही, गोष्टीचं पुस्तक नाही, वस्तीत दुकानाची पाटीसुद्धा नाही. रामटेकच्या पुढे देवलापारकडे गोंडी बोलणारी मुलं शाळेत येतात. शहरात छत्तीसगढी बोलणाऱ्या वस्त्या आहेत. या मुलांना लिहिलेली मराठी भेटते ती शाळेच्या भिंतीवरच. तीही काढून घेतली तर ते अक्षर बघणार कुठे? निपुण भारत हे सरकारी अभियान २०२१ मध्ये आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं ध्येय आहे. त्यासाठी वर्गात भरपूर लिहिलेलं डोळ्यांसमोर हवं, असं मी माझ्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांना नेहमी सांगत आलो.

खडूवाली_मॅडम

सर, तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. लिहिलेलं हवंच. पण कोणतं?

माझ्या वर्गात वर्षभर राहतं ते असं: मुलांची नावं (हजेरीची पट्टी मूल स्वतः कप्पेफलकात लावतं), आजची बातमी, जी एका मुलाने सांगितली आणि मी मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि या आठवड्याची कविता. बातमी रोज बदलते. "आज आमच्या गाईले वासरू झालं" असं मूल बोललं तर मी आधी तसंच लिहिते, मग शेजारी पुस्तकातलं रूप. ते मूल दिवसभर त्या ओळीकडे बोट दाखवून वाचतं, कारण ती त्याची ओळ आहे. गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी दोन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लावणारे शिक्षक मला माहीत आहेत. गोंडी शब्द मुलं सांगतात, शिक्षक देवनागरीत लिहून घेतात.

मी तक्त्याची परीक्षा अशी घेते. आठवडाभर बघायचं की एखादं मूल त्याच्यापाशी उठून गेलं का, त्यावर बोट ठेवलं का, लिहिताना अडलं तेव्हा मान वळवून तिकडे पाहिलं का. यातलं काहीच झालं नाही तर तो उतरवायचा.

तुऱ्हाटी

मॅडम, तुमचं पटलं. पण आमची शाळा द्विशिक्षकी आहे, कुहीकडची. एका खोलीत पहिली-दुसरी मी घेतो, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी दुसरे सर घेतात. त्यांची मीटिंग निघाली की चारही वर्ग माझ्याचकडे. मी दुसरीले शिकवत असतो तं पहिलीच्या लेकरांनं काय करावं? आमच्यासाठी साहित्य म्हणजे दुसरा मास्तरच होय.

म्हणून मी सांगतो, साहित्य असं पाहिजे की चुकलं तं लेकराले स्वतःलेच समजलं पाहिजे. मॉन्टेसरीच्या साहित्यात हेच आहे. दट्ट्या (खाचेत बसवाचा लाकडी गोल ठोकळा) चुकीच्या खाचेत टाकला तं शेवटी एक दट्ट्या उरतेच, मास्तरनं सांगाची गरज नाही. मी शब्दपट्ट्या अशाच कापतो. चित्र आणि शब्द एकाच पुठ्ठ्यावर, मधातून वाकडातिकडा काप, दर पट्टीचा काप येगळा. 'बैल'चं चित्र 'बैल' शब्दालेच जुळते, दुसऱ्याले नाही. पण काही दिवसांनी लेकरं शब्द वाचत नाहीत, नुसता काप पाहून जोडतात. हे ध्यानात ठेवा लागते. तेव्हा सरळ कापलेला संच काढतो आणि उत्तर मागं लिहून ठेवतो.

गणितासाठी मी दुकानातून काहीच आणत नाही. तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) आहेत, पऱ्हाट्या (कपाशीच्या) आहेत, चिंचोके आहेत. तुऱ्हाटी हलकी असते, एकसारखी तोडता येते. टोकं घासून घ्या, नाहीतं कुसं लागते. दहा काड्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधला की दशक झाला. पण गठ्ठा लेकरानंच बांधला पाहिजे. मास्तरनं बांधून देल्ला तं ते त्याच्यासाठी एक जाड काडी होते, दहा नाही.

हातचा_एक

तुऱ्हाटी सर, शेवटचं वाक्य प्रत्येक डी.एड. कॉलेजात शिकवायला हवं. मी गणिताची आहे, म्हणून याच्यावर जरा सविस्तर लिहिते.

५२ मधून २७ वजा करायचे आहेत. मुलासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्या, पण सुट्या दोनच. आता मूल स्वतः एका गठ्ठ्याची सुतळी सोडतं. चार गठ्ठे, बारा सुट्या. दशक सुटा करणं म्हणजे काय हे त्या सुतळीच्या गाठीत आहे. पुढे वहीत पाचावर काट मारून वर चार लिहिताना मुलाला ठाऊक असतं की तो एक कुठे गेला.

आपण बहुतेक वेळा काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारतो. मध्ये चित्राचा टप्पा राहून जातो. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका, आणि त्याच वजाबाक्या रेघा-ठिपक्यांनी. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरने शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या त्या याच: हाताने करणं, चित्राने पाहणं, चिन्हाने लिहिणं. काही मुलांना चित्राच्या टप्प्यावर जास्त दिवस लागतात. लागू द्यावेत.

आपल्याकडे संख्यावाचनाची एक खास अडचण आहे. आपण 'बासष्ट' म्हणतो, म्हणजे दोन आधी ऐकू येतो, पण लिहिताना सहा आधी. म्हणून ६२ ऐवजी २६ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. माझ्या मते तो बदल मुलांची अडचण ओळखूनच केलेला होता. कुणाला पटो न पटो, वर्गात सहा गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवून आधी 'साठ आणि दोन' म्हणायला काहीच हरकत नाही. त्यानंतर 'बासष्ट'.

एकक-दशकाचा छापील तक्ता मी सगळ्यात शेवटी लावते, काड्यांचं काम झाल्यावर.

डोळस

मी विशेष शिक्षक आहे, शाळा-शाळांत फिरतो. या धाग्यावर अजून न आलेली गोष्ट म्हणजे तक्ता मुलाला दिसतो का.

वर्गात गेलो की मी आधी शेवटच्या ओळीत, मुलाच्या उंचीला खाली बसून बघतो. फळ्याच्या वर, पंख्याच्या उंचीला लावलेला तक्ता तिथून वाचताच येत नाही. ढोबळ हिशोब असा आहे की दहा फुटांवरून वाचायला अक्षर निदान एक इंच उंच हवं. वीस फुटांच्या वर्गात दोन इंच. आणि देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. म्हणून मी त्याहून मोठंच अक्षर सुचवतो. 'कि' आणि 'की' मधला फरक लांबून दिसला पाहिजे.

लॅमिनेशन करून आणलेले तक्ते खिडकीसमोर लावले की उन्हाने चकाकतात. आपल्याकडे सकाळच्या शाळेत पूर्वेच्या खिडकीतून केवढा उजेड येतो! लॅमिनेशन करायचंच तर बिनचमकीचं करा किंवा खिडकी असलेल्या भिंतीवरच लावा, समोरच्या नाही.

रंग हा दुसरा मुद्दा. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखू शकणारी मुलं अनेक शाळांत असतात, मुलग्यांत जास्त. 'लाल अक्षर स्वर, हिरवं अक्षर व्यंजन' असा तक्ता त्यांना मुकाच आहे. रंगाबरोबर आकारही बदला, स्वर गोलात, व्यंजन चौकोनात.

आणि ज्या मुलांचं लक्ष पटकन उडतं, त्यांच्यासाठी फळ्याची भिंत मोकळी ठेवा. फळा आणि आजचा एक तक्ता, बास. बाकीचं बाजूच्या आणि मागच्या भिंतीवर जाऊ द्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख

डोळस सर, हे खाली बसून बघणं फार आवडलं. शाळाभेटीत आम्ही दारातून उभ्याने तक्ते पाहायचो.

मॅडमच्या परीक्षेवर विचार केला. मुलांची नावं, बातमी, कविता याला माझी पूर्ण मान्यता. माझी भीती एवढीच होती की 'भिंत रिकामी' हा अर्धा निरोप पोहोचेल आणि काहीच न करण्याला आधार मिळेल. तुम्ही सांगता ते काम जास्त आहे, कमी नाही.

या भागातल्या जुन्या कामाची आठवण ठेवू या. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, पुढे आली. टकळी (हाताने सूत कातायची चाती) हेच तिथलं साहित्य. सूत किती निघालं यातून गणित, कापूस कुठून आला यातून भूगोल. तिकडे पालघरकडे बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे यांतून साहित्य बनवलं. स्वस्त आणि हाताशी असणारं साहित्य ही आपल्याकडे आजची कल्पना नाही.

सावली_बघणारा

मी शिक्षक नाही, पालक आहे. हौशी आकाशनिरीक्षण करतो, मुलाच्या शाळेत कधी कधी बोलावतात. एक फुकटचं साहित्य सुचवतो: मैदानात एक मीटरची सरळ उभी काठी.

बहुतेक मुलं, आणि मोठी माणसंही, सांगतात की दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. आणि तेही बारा वाजता नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७९ च्या जवळ, म्हणून आपला खरा मध्यान्ह साधारण सव्वाबाराच्या आसपास होतो.

गंमत अशी की शाळा उघडते त्या जूनअखेरीस सूर्य मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून काठीची सावली दक्षिणेला पडते, जेमतेम चार सेंटिमीटर. जुलैच्या मध्यावर ती नाहीशी होते (ढग नसले तर, बहुतेकदा असतातच) आणि नंतर उत्तरेला सरकू लागते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला ती ३९ सेंटिमीटरच्या आसपास भरते, आणि डिसेंबरच्या २२ ला जवळजवळ काठीएवढीच होते. मुलांनी दर आठवड्याला मध्यान्हीच्या सावलीचं टोक खडूने नोंदवायचं आणि मोजून कागदावर स्तंभ काढायचा. त्या कागदाचा तक्ता वर्षभर वर्गात वाढत जातो. असा तक्ता मात्र कायम लावून ठेवण्यासारखा, कारण तो पूर्ण होत असतो.

एरवी मुलांना नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात न्याल तेव्हाही आधी एखादा प्रश्न देऊन न्या. प्रश्न नसला की मुलं बटणं दाबत पुढे सरकतात.

झिरो_माइल

भूगोल शिकवतो, म्हणून राहवलं नाही. भिंतीवर टांगलेल्या नकाशाने एक घट्ट गैरसमज होतो: उत्तर म्हणजे वर. सहावीतल्या मुलाला "उत्तर दाखव" म्हटलं की हात छताकडे जातो. "नर्मदा वर आहे, गोदावरी खाली" असं मुलं म्हणतात, आणि पाणी 'वर' कसं वाहतं हा प्रश्नही त्यातूनच येतो.

नकाशा आधी जमिनीवर अंथरा. काठीच्या सावलीने किंवा होकायंत्राने उत्तर काढा, नकाशाची उत्तर तिकडे करा. मुलं भोवती बसतील, नागपूरवर बोट ठेवतील आणि वर्ध्याच्या दिशेने हात करतील. तो हात खरोखर वर्ध्याच्या दिशेला गेला की काम झालं. भिंतीवर टांगायचा तो यानंतर. आणि भारताच्या नकाशाआधी शाळेच्या आवाराचा नकाशा करा, पावलांनी मोजून.

तसंच अजब बंगल्याचं. १८६३ सालचं संग्रहालय आपल्या गावात आहे. तिथून परत आल्यावर मुलांना वर्गाच्या एका कोपऱ्यात स्वतःचं संग्रहालय मांडू द्या: जुनी नाणी, बियाणं, पायली-शेर अशी मापं. प्रत्येक वस्तूपाशी मुलाने लिहिलेली चिठ्ठी हवी: काय, कुठून, कुणी वापरलं.

रंगवलेली_भिंत

आमच्या शाळेला बोलक्या भिंतींसाठी निधी आला आणि रंगारी येऊन पाढे, महिने, ग्रहमाला रंगवून गेला. आता हे उतरवायचं कसं? रंग तर काढता येत नाही.

खडूवाली_मॅडम

ताई, रंगवायचंच असेल तर ज्याच्याशी मुलाचं शरीर काम करतं ते रंगवावं. इमारतच साहित्य व्हावी या 'बाला' कल्पनेत हेच आहे. दाराच्या बिजागरीपाशी जमिनीवर कोनमापक रंगवलं की दार उघडताना मूल तीस, साठ, नव्वद अंश बघतं. पायऱ्यांवर संख्या, खांबावर उंचीची पट्टी, ओट्यावर एक मीटर. ती वर्षानुवर्षं वापरात राहतात. खालच्या भागात तळफळा करून घ्या, म्हणजे मुलांना लिहायला हक्काची जागा होते. आधीच रंगवलेल्या पाढ्यांवर कापड किंवा कागदाचा पडदा लावा. मुलं पाढा म्हणतील, मग पडदा सरकवून पडताळतील. झाकता आलं की त्याचंही साहित्य होतं.

पडदा_आणि_फळा

स्मार्ट टीव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे आहे, वीज असते तेव्हा. 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ मुलांना आवडतात, पण संपल्यावर विचारलं तर रंग आणि गाणं आठवतं. काय करावं?

आणि डी.एड.च्या वहीत होतं की माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के लक्षात ठेवतो. म्हणजे टीव्हीच सरस नाही का?

हातचा_एक

ती टक्केवारी वहीतून खोडून टाका. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (थेट अनुभवापासून शब्दांपर्यंतच्या पायऱ्यांचं चित्र) मांडला, त्यात एकही टक्का नव्हता. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले, आणि त्यांच्यामागे कोणतंही संशोधन नाही. दिसणारं साहित्य आपोआप सरस ठरत नाही, मुलाने त्याच्याशी काय केलं यावर ते ठरतं.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांनी थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय होईल?" मुलांनी लिहू दे किंवा चित्र काढू दे, मग पुढचा भाग. आवाज बंद करून दाखवा आणि मुलांना निवेदन करायला सांगा, हेही छान चालतं. जे वर्गात करून दाखवता येतं (बी रुजणं, पाणी उकळणं) त्यासाठी टीव्ही नको. ज्वालामुखी आणि समुद्र मात्र टीव्हीवरच बघायला हवेत. नागपूरच्या मुलाला समुद्र दुसरीकडे कुठे दिसणार?

तुऱ्हाटी

एक विचारतो. साहित्य उतरवल्यावर ठेवता कुठं? आमच्याकडे एक लोखंडी कपाट, त्यात पोषण आहाराचे रजिस्टर. मागच्या पावसाळ्यात तक्त्यांले वाळवी लागली.

खडूवाली_मॅडम

सर, तक्ते गुंडाळू नका, आडवे ठेवा. दोन पुठ्ठ्यांमध्ये, कपाटाच्या वर, भिंतीपासून चार बोटं दूर, वर प्लॅस्टिकचं कापड आणि कडुनिंबाची सुकलेली पानं. काड्या, चिंचोके, शब्दपट्ट्या पिशव्यांत घालून पिशवीवर पाठाचं नाव लिहा, विषयाचं नाही. 'गणित' लिहिलेली पिशवी कुणी उघडत नाही. 'दशक सुटा करून वजाबाकी' लिहिलं की त्या दिवशी ती हातात येते. पिशव्या खिळ्यांवर मुलांच्या उंचीला टांगा, म्हणजे काढणं-ठेवणं तेच करतील आणि मोजून ठेवतील. चिंचोके हरवतात, त्याची काळजी करू नका.

आणखी एक करता येईल. केंद्राच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने आपली एक पिशवी आणायची आणि महिनाभरासाठी दुसऱ्या शाळेशी बदलायची. निवृत्त सर, तुम्ही जुन्या केंद्रात शब्द टाकाल का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

टाकतो. तुऱ्हाटी सरांच्या कापलेल्या शब्दपट्ट्यांपासून सुरू करू. सर, दोन संच जास्तीचे कराल? पुठ्ठा मी पाठवतो.

तुऱ्हाटी

करतो सर. पुठ्ठा जाड पाठवा, लेकरं दाबून पाहतात. एक संच सरळ कापाचा पण देतो, मंग दोन्ही पायऱ्या होतीन.